पाळीव ॲक्सोलॉटलचे आरोग्य

ॲक्सोलॉटल (शास्त्रीय नाव: ॲम्बिस्टोमा मेक्सिकॅनम) हा मूळचा मेक्सिकोच्या खोऱ्यातील तळ्यांत राहणारा, सॅलमँडर गटातील उभयचर प्राणी आहे. प्रयोगशाळांत तो दीडशेहून अधिक वर्षे वाढवला जात आहे. अलीकडच्या काळात तो घरगुती मत्स्यटाकीत पाळण्याचा प्रघात जगभर वाढला असून भारतातही हौशी पालक तो पाळतात. योग्य परिस्थितीत तो दहा ते पंधरा वर्षे जगतो. पाळीव ॲक्सोलॉटलच्या बहुतेक आजारांचे मूळ टाकीतील पाण्यात सापडते. पाणी तापलेले असते, किंवा त्यात अमोनियासारखी द्रव्ये साचलेली असतात. कवक व जीवाणू यांचा संसर्ग बहुधा त्यानंतर होतो. त्यामुळे जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांसारख्या उष्ण प्रदेशात या प्राण्याचे आरोग्य हा मुख्यतः पाणी थंड व स्वच्छ राखण्याचा प्रश्न ठरतो.

मूळ अधिवास आणि शरीररचना

ॲक्सोलॉटलचे मूळ स्थान म्हणजे मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्को आणि चाल्को ही तळी. त्यांपैकी चाल्को तळे पुराच्या भीतीने जवळजवळ कोरडे करण्यात आले. सोचिमिल्कोचे आज कालवे तेवढे उरले आहेत. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. विषुववृत्तापासून फार दूर नसूनही तेथील पाणी उंचीमुळे वर्षभर थंड राहते. जळगाव शहर सुमारे २०० मीटर उंचीवर, तापीच्या खोऱ्यात वसलेले आहे. ॲक्सोलॉटल उष्ण कटिबंधातील आहे हे खरे असले, तरी त्यावरून तो उष्णता सोसतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

या प्राण्याचे वैशिष्ट्य म्हणजे चिरडिंभता. बेडकाचे पिल्लू (भैकेर) वाढता वाढता कल्ले व शेपटी गमावून जमिनीवर येते. ॲक्सोलॉटलमध्ये अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाची क्रिया अपुरी असल्याने हे रूपांतरण सहसा घडत नाही. तो डिंभावस्थेतच प्रजननक्षम होतो आणि आयुष्यभर पाण्यात राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे दिसणारे तीन-तीन बाह्य कल्ले, पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा पडद्यासारखा पर आणि पापण्या नसलेले डोळे ही त्याची ओळख होय. प्रौढाची लांबी बहुधा २० ते ३० सेंटिमीटर असते.

त्याला फुप्फुसेही असतात. तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. मात्र श्वसनाचा मोठा भाग कल्ल्यांतून आणि उघड्या, पातळ, ओलसर त्वचेतून होतो. माशाच्या अंगावरील खवल्यांचे कवच त्याला नाही. पाण्यात जे विरघळलेले असेल ते थेट त्वचेतून आत जाते, मग ते प्राणवायू असो, क्लोरीन असो किंवा शेजारच्या खोलीत फवारलेले डासनाशक असो. माशांसाठी बाजारात मिळणारी अनेक औषधे ॲक्सोलॉटलला घातक ठरतात, त्याचे कारण हेच आहे.

तुटलेला पाय, शेपटी, कल्ले, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा व हृदयाचा काही भागदेखील हा प्राणी पुन्हा तयार करू शकतो. १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल आणले गेले. त्यांतील काहींपासून प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्यूमेरिल यांनी केलेल्या पैदाशीतून युरोपातील प्रयोगशाळांना हा प्राणी मिळत गेला. २०१८ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो मानवी जनुकसंचाच्या सुमारे दहापट मोठा आहे. पुनर्जननाच्या या ख्यातीमुळे ॲक्सोलॉटल काटक असतो असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात नवा पाय उगवण्याची क्षमता आणि तापलेल्या पाण्यात तग धरण्याची क्षमता यांचा परस्परांशी संबंध नाही. एका टाकीतील भावंडांनी खाऊन टाकलेला पाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, पण पाणी तीन-चार दिवस २८ अंशांवर राहिले तर तोच प्राणी दगावू शकतो.

उष्णता

ॲक्सोलॉटलसाठी १६ ते १८ अंश सेल्सियस हे पाण्याचे उत्तम तापमान मानले जाते. २० अंशांपर्यंत तो निरोगी राहतो. २४ अंशांच्या वर ताणाची लक्षणे दिसू लागतात आणि हे तापमान टिकून राहिल्यास भूक मंदावणे, कवकाचा संसर्ग, जीवाणूंचा रक्तात शिरकाव व मृत्यू या क्रमाने प्रकृती ढासळते.

पाणी तापले की तीन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. पहिली प्राणवायूची. समुद्रसपाटीला १८ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. नेमक्या त्याच वेळी शीतरक्ताच्या प्राण्याचा चयापचय वेग घेतो आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. दुसरी गोष्ट अमोनियाची, जिचे विवेचन पुढे आले आहे. तिसरी म्हणजे रोगकारक जीवाणू व कवक यांची वाढ उष्ण पाण्यात वेगाने होते, आणि ताणाखालील प्राण्याची प्रतिकारशक्ती तेव्हाच घटलेली असते.

खानदेशात मे महिन्यात कमाल तापमान वारंवार ४४-४५ अंशांपर्यंत पोहोचते आणि रात्रीही हवा २५ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. खोलीत ठेवलेल्या टाकीचे पाणी हळूहळू खोलीच्या सरासरी तापमानाला येते. म्हणजे काहीही उपाय न केल्यास ते तिशीच्या पुढे जाते. स्थानिक उभयचरांनी या ऋतूवर आपला तोडगा काढलेला आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर ओरडणारा मोठा बेडूक (हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) उन्हाळा जमिनीत गाडून घेऊन ग्रीष्मनिद्रेत काढतो. ॲक्सोलॉटलला अशी सोय नाही, कारण त्याच्या मूळ तळ्याने ती कधी मागितलीच नाही.

घरगुती उपायांत टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याचे तत्त्व माठाचे किंवा खस लावलेल्या कूलरचे आहे: बाष्पीभवन होताना पाण्यातील उष्णता निघून जाते. खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी कोकणापेक्षा अधिक गार होते, तसाच पंखाही येथे अधिक उपयोगी पडतो. परंतु या उपायाला एक ठाम मर्यादा आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात जे तापमान दाखवतो त्याच्या खाली बाष्पीभवनाने पाणी कधीही उतरत नाही. हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना हे तापमान सुमारे २३ अंश येते. प्रत्यक्षात टाकीचे पाणी याच्याही वरच राहते, कारण काचेतून व पंपातून उष्णता येतच असते. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्यावर हवा दमट होते. पारा उतरला तरी पंख्याचा परिणाम घटतो, आणि मे निभावलेला प्राणी जूनमध्ये आजारी पडू शकतो.

म्हणून खानदेशात पंखा हा मार्च किंवा ऑक्टोबरमधील पूरक उपाय ठरतो. भर उन्हाळ्यासाठी मत्स्यटाकीचे शीतयंत्र (चिलर) किंवा अखंड वातानुकूलित खोली यांना पर्याय राहत नाही. शीतयंत्र स्वतः खोलीत उष्ण हवा सोडते. बंद खोलीत ठेवल्यास ते आपल्याच उष्णतेशी झगडत राहते, ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात. वीज खंडित झाल्यास काय करायचे याची तजवीज आधीच असावी लागते. टाकीला थर्मोकोलचे वेष्टन, झाकलेल्या खिडक्या आणि शीतपेटीत गोठवून ठेवलेल्या बंद बाटल्या यांनी काही तास निभावतात. बर्फ थेट पाण्यात टाकणे टाळतात. त्याने एका कोपऱ्यात तापमान झपाट्याने पडते आणि बर्फाच्या पाण्यातील क्लोरीनही टाकीत उतरते. बाटल्यांचा वापर दिवसेंदिवस चालू ठेवणेही हितावह नाही. रोज पाच-सहा अंशांनी वरखाली होणारे पाणी प्राण्याला सतत ताणाखाली ठेवते.

पाण्याचे रसायन

प्राण्याची विष्ठा, त्याने कल्ल्यांतून टाकलेली द्रव्ये आणि कुजलेले उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. टाकीच्या गाळणीत वाढलेले उपकारक जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही विषारी आहेत आणि त्यांचे मोजमाप शून्य असावे लागते. नायट्रेट तुलनेने सौम्य असून ते दशलक्ष भागांत २० भागांच्या आसपास ठेवले जाते. नव्या टाकीत हे जीवाणू वाढण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणणे हे नव्या पालकांच्या हातून प्राणी मरण्याचे एक प्रमुख कारण आहे. पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसते, पण अमोनियाला रंग नसतो.

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: विद्युतभारित अमोनियम आणि मुक्त अमोनिया. त्यांपैकी मुक्त अमोनिया अधिक विषारी असून त्याचे प्रमाण सामू आणि तापमान यांबरोबर वाढते. सामू ८ असताना १८ अंशांच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी सुमारे ३ टक्के मुक्त असतो, तर ३० अंशांना सुमारे ७ टक्के. म्हणजे हिवाळ्यात निभावलेले मोजमाप उन्हाळ्यात दुपटीहून अधिक घातक होते. खानदेशाचा बराच भाग बेसाल्ट खडकाचा असून विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड (दुष्फेन) असते. जडपणा ॲक्सोलॉटलला मानवतो, कारण मूळ तळ्याचे पाणीही क्षारयुक्त होते. अशा पाण्याचा सामू मात्र सहसा सातच्या वर असतो, त्यामुळे अमोनियाच्या बाबतीत ढिलाईला वाव उरत नाही. साधारणतः ७.४ ते ७.६ सामू योग्य समजला जातो.

जडपणाला घाबरून पिण्याच्या शुद्धीकरण यंत्राचे (आरओ) पाणी टाकीत भरण्याचा मोह होतो. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्वचेतून शरीरातील क्षार बाहेर पडू लागतात आणि प्राणी अशक्त होतो. प्रयोगशाळांत मृदू पाणी वापरावे लागल्यास त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे क्षार मोजून मिसळतात. होल्टफ्रेटरचे द्रावण या नावाने ते ओळखले जाते.

नळाच्या पाण्याचा धोका क्लोरीनचा आहे. सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावणाने क्लोरीन तत्काळ निष्प्रभ होतो. उघड्या भांड्यात हवेचे बुडबुडे सोडून पाणी एक दिवस ठेवल्यासही तो उडून जातो. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्त्यांत साठवण ही नित्याचीच गोष्ट असते आणि या बाबतीत ती पालकाच्या पथ्यावर पडते. मात्र गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाकीतले उन्हाळी दुपारचे पाणी हाताला चटका देणारे असते. पाणीबदलासाठी पहाटे भरून सावलीत गार केलेले पाणी वापरले जाते. आठवड्याला सुमारे पाचवा हिस्सा बदलणे पुरेसे असते. संपूर्ण टाकी रिकामी करून गाळणी नळाखाली घासून धुण्याची सवय अपायकारक आहे, कारण तिने उपकारक जीवाणूच नष्ट होतात. एका प्रौढाला किमान ७५ लिटर पाणी लागते. बाष्पीभवनाने घटलेली पातळी नुसत्या जड पाण्याने भरत राहिल्यास क्षार साचत जातात, म्हणून पाणी भरणे आणि पाणी बदलणे ही दोन वेगळी कामे समजावी लागतात.

आजाराची चिन्हे

ॲक्सोलॉटल आवाज करत नाही आणि लंगडतही नाही. त्याची प्रकृती कल्ले, शेपटी आणि भूक यांवरून वाचावी लागते. निरोगी प्राण्याचे कल्ले मागे किंवा बाजूला पसरलेले व भरगच्च तंतूंचे असतात. कल्ले सतत पुढे वळलेले दिसणे हे ताणाचे चिन्ह आहे. पंपाचा प्रवाह जोराचा असला तरीही तसे होते, त्यामुळे आधी प्रवाह कमी करून पाहतात. शेपटीचे टोक आकड्यासारखे वळणे, टाकीत वेड्यासारख्या येरझाऱ्या घालणे, वारंवार पृष्ठभागावर येऊन हवा गिळणे, कल्ले फिकट पडणे किंवा त्यांचे तंतू झडणे ही पाणी बिघडल्याची लक्षणे आहेत. त्वचेवर कापसासारखे पांढरे पुंजके कवक दर्शवतात. पायांवर व पोटावर लालसर चट्टे आणि सूज हे रक्तातील जीवाणुसंसर्गाचे गंभीर लक्षण आहे.

काही गोष्टी आजारासारख्या दिसतात, पण आजार नसतात. वयात आलेल्या नराच्या शेपटीच्या बुडाशी दोन ठळक फुगवटे येतात. ते पाहून गाठ झाली असे समजून प्राणी दवाखान्यात नेला जातो. अंडी धरलेल्या मादीचे पोट दोन्ही बाजूंनी गोल होते. ती एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते. फिकट रंगाच्या प्राण्याचे कल्ले हालचालीनंतर गडद लाल होतात, ते रक्ताभिसरणामुळे. लहान पिल्ले हवा गिळून काही काळ तरंगतात. थंड पाण्यातील प्रौढाने चार-सहा दिवस अन्नाला तोंड न लावणे हेही एकट्याने चिंतेचे कारण होत नाही.

कल्ले लहान होणे हे लक्षण दुहेरी आहे. अमोनियाने कल्ल्यांचे तंतू झडतात तेव्हा शेपटीचा पर शाबूत असतो. कल्ल्यांबरोबर परही आक्रसू लागला आणि डोळे उठून दिसू लागले, तर तो दुर्मीळ रूपांतरणाचा आरंभ असू शकतो. अशा प्राण्याला जमिनीवर चढता येईल अशी जागा द्यावी लागते. आयोडीन किंवा अवटू संप्रेरक देऊन हे रूपांतरण मुद्दाम घडवता येते. प्रयोगशाळेबाहेर असे करणे प्राण्याचे आयुष्य घटवणारे व अनुचित मानले जाते.

नेहमीच्या तक्रारी आणि प्राथमिक उपचार

कोणतेही चिन्ह दिसताच पहिले काम म्हणजे तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू यांची नोंद घेणे. त्यासाठी थेंबांचे द्रव चाचणीसंच कागदी पट्ट्यांपेक्षा अधिक विश्वसनीय असतात. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास प्राण्याला वेगळ्या, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या टबात हलवतात आणि टबातील सर्व पाणी रोज एकदा, त्याच तापमानाच्या क्लोरीनमुक्त पाण्याने बदलतात. खाद्यपदार्थांसाठीचा, साबण न लागलेला टब त्यासाठी घेतला जातो. या साध्या उपायाने अनेक प्राणी दुसरे कोणतेही औषध न देता सुधारतात, आणि मूळ टाकी दुरुस्त करण्यास उसंत मिळते.

कवकाचा संसर्ग, बहुधा सॅप्रोलेग्नियासारख्या जीवांचा, जखमेवर किंवा झिजलेल्या कल्ल्यांवर होतो. त्यासाठी मिठाच्या पाण्याचा अल्पकाळ उपचार रूढ आहे. एक लिटर थंड पाण्यात दोन ते तीन चहाचे चमचे आयोडीन नसलेले मीठ पूर्ण विरघळवून त्यात प्राण्याला दहा मिनिटे ठेवतात, पंधरा मिनिटांपेक्षा अधिक कधीही नाही. दिवसातून एक-दोनदा असे काही दिवस केले जाते. मीठ त्वचा व कल्ल्यांनाही इजा करते, म्हणून वेळ घड्याळ लावूनच मोजावा लागतो. टाकीतच मीठ ओतून ठेवणे हा वेगळा आणि अयोग्य प्रकार होय. स्वयंपाकघरातील नेहमीचे मीठ भारतात सहसा आयोडीनयुक्त असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली माशांची औषधे ॲक्सोलॉटलला देत नाहीत.

तरंगणे आणि पोट फुगणे यांमागे पुष्कळदा तळातील खडी असते. ॲक्सोलॉटल तोंड एकदम उघडून भक्ष्य पाण्यासह आत ओढतो, त्याबरोबर तळाचे खडेही गिळले जातात. मटाराएवढे खडे आतड्यात अडकतात. लहान संख्येने ते आपोआप बाहेर पडतात, पण मोठा अडथळा झाल्यास क्ष-किरण चित्र व शस्त्रक्रिया यांची वेळ येते. तळ मोकळा ठेवणे, किंवा डोक्यापेक्षा मोठे दगड वापरणे, किंवा प्रौढासाठी अगदी बारीक वाळू पसरणे हे त्यावरील प्रतिबंधक उपाय आहेत. बांधकामाची धारदार कच त्या वाळूची जागा घेऊ शकत नाही.

अडथळ्याचा संशय असल्यास प्राण्याला घरातील शीतकपाटात ५ ते ८ अंशांवर ठेवण्याची पद्धत हौशी पालकांत प्रचलित आहे. थंडीने चयापचय मंदावतो आणि संसर्गाची वाढही. तिचा उपयोग पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करणे इष्ट आहे. ४० अंशांच्या दिवशी २८ अंशांच्या टाकीतून प्राणी थेट ६ अंशांच्या कपाटात ठेवल्यास तो धक्क्यानेच दगावू शकतो. तापमान उतरवायचे ते तासाला एक-दोन अंशांनी.

जीवाणुसंसर्ग घरी बरा होत नाही. त्वचेवरील लाल चट्टे व सूज यांसह प्राणी निपचित पडला असेल, तर ती तातडीची स्थिती होय. प्रतिजैविकाची मात्रा प्राण्याच्या ग्रॅममधील वजनावर ठरते. माणसाच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून टाकणे हा उपचार नाही. त्याने गाळणीतील उपकारक जीवाणू मरतात आणि रोग्यावर अमोनियाची भर पडते.

कायट्रिड कवक (बॅट्रॅकोकायट्रियम) हे उभयचरांच्या जागतिक ऱ्हासाचे एक कारण मानले जाते. ॲक्सोलॉटल लक्षणे न दाखवता त्याचा वाहक असू शकतो. नवा प्राणी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणे आणि वापरलेले पाणी ओढ्यात, तलावात न सोडणे हे नियम त्यामुळे केवळ घरातल्या प्राण्यापुरते राहत नाहीत, स्थानिक बेडकांचेही हित त्यांत गुंतलेले आहे.

आहार आणि घरातील विषद्रव्ये

प्रौढ ॲक्सोलॉटलचे मुख्य अन्न गांडूळ हे होय. आठवड्यातून दोन-तीनदा पोटभर दिलेली गांडुळे जवळजवळ संपूर्ण आहार ठरतात. गांडूळखत प्रकल्पांत वापरली जाणारी लालसर, लहान जात (आयसेनिया फेटिडा) कडवट द्रव सोडते, म्हणून अनेक ॲक्सोलॉटल ती तोंडातून टाकून देतात. आफ्रिकी जात (युड्रिलस युजेनिए) सहसा आवडीने खाल्ली जाते. खानदेशातील केळी व कापूस या दोन्ही पिकांवर कीडनाशकांची फवारणी होते. अशा शेताच्या किंवा बांधाच्या मातीतून खणलेली गांडुळे विषाचा अंश घेऊन येऊ शकतात. फवारणी न होणाऱ्या वाफ्यात किंवा घरच्या पेटीत वाढवलेली गांडुळे हा सुरक्षित मार्ग आहे.

जिवंत लहान मासे परजीवी आणतात आणि काही जातींचे मासे शरीरातील थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट करतात. चिकन, मटण किंवा पोळीचे तुकडे पचत नाहीत आणि पाणी नासवतात. खाऊन उरलेले अन्न त्याच दिवशी काढून टाकतात.

उन्हाळ्यानंतर डासांचा हंगाम सुरू होतो. फवारण्या, वड्या व द्रव यांत असलेली पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने माणसाला फारशी बाधत नसली तरी जलचरांना अत्यंत विषारी असतात. टाकीचा हवापंप खोलीतील हवा खेचून पाण्यातच सोडतो. ज्या खोलीत टाकी आहे तेथे ही साधने न वापरणे आणि गल्लीत धूरफवारणी चालू असताना खिडक्या मिटून पंप थोडा वेळ बंद ठेवणे उपयोगी पडते. टाकीत हात घालण्यापूर्वी साबण पूर्ण धुऊन काढावा लागतो, तर हात बाहेर काढल्यावर साबणानेच धुवावे लागतात, कारण उभयचर साल्मोनेला जीवाणूंचे वाहक असू शकतात.

पशुवैद्यकीय मदत

जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यांचा बहुतेक अनुभव गाई, म्हशी, शेळ्या आणि कुत्री-मांजरे यांचा असतो. ॲक्सोलॉटल पाहिलेला पशुवैद्य जवळपास नसला, तरी उपचार अशक्य होत नाही. जीवाणूंचे निदान, क्ष-किरण आणि मात्रेचा हिशेब ही शास्त्राची समान भूमी आहे. पशुवैद्याला पाण्याच्या मोजमापांची तारीखवार नोंद, स्वच्छ बाटलीतील पाण्याचा नमुना, प्राण्याचे वजन, आधीची व आजची छायाचित्रे आणि दिलेल्या अन्नाची माहिती मिळाली, तर निदानाचे निम्मे काम झालेले असते. मासे व उभयचर यांना भूल देण्यासाठी ट्रायकेन (एमएस-२२२) हे पाण्यात विरघळणारे द्रव्य वापरले जाते.

प्रवास हा स्वतंत्र धोका आहे. मासे पाठवण्याच्या थर्मोकोलच्या पेटीत, झाकणबंद डब्यात टाकीचेच पाणी घेऊन, बाजूला कापडात गुंडाळलेली गोठवलेली बाटली ठेवतात. प्रवासाआधी एक-दोन दिवस अन्न देत नाहीत, म्हणजे वाटेत पाणी नासत नाही. उन्हाळ्यात जळगाव किंवा धुळ्याहून नाशिक, पुणे वा मुंबईकडे निघायचे झाल्यास रात्रीचा प्रवास निवडला जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेली पेटी थोड्याच वेळात निकामी होते.

कायदेशीर स्थिती

निसर्गात ॲक्सोलॉटल अतिसंकटग्रस्त आहे. सोचिमिल्कोतील सर्वेक्षणांत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० प्राणी आढळले होते, २०१४ पर्यंत ही संख्या ३६ वर आली. सांडपाण्याने बिघडलेले पाणी आणि तळ्यांत सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची मुख्य कारणे आहेत. १९७५ पासून ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ अन्वये या करारातील जाती अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यांच्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणीसाठी अर्ज करणे आवश्यक आहे. विक्रेत्याकडून कागदपत्रांविना प्राणी घेणाऱ्यावर ही जबाबदारी येतेच. शिवाय त्या प्राण्याचे वय, उगम आणि आधीचे आजार यांची माहितीही त्याला मिळत नाही, आणि उपचाराच्या वेळी नेमकी तीच लागते.

पाळणे अशक्य झाल्यास ॲक्सोलॉटल नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडणे निषिद्ध समजले जाते. वाघूर धरणात वा तापीच्या पात्रात सोडलेला प्राणी एक उन्हाळाही काढण्याची शक्यता नसते, पण मरण्यापूर्वी त्याच्या अंगावरचे कवक आणि विषाणू पाण्यात उतरतात. असा प्राणी नोंदणीची रीत पाळून, थंड पाण्याची सोय असलेल्या दुसऱ्या पालकाकडे सोपवला जातो.